कॉल्पोस्कोपी सांगितली आहे. नक्की काय करतात? (ठाणे / नवी मुंबई)

मासुंदा (नौपाडा)

नमस्कार. वय 43. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत यंदा पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी) आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कॅन्सर करू शकणाऱ्या विषाणूची तपासणी) दोन्ही झालं. पॅपमध्ये 'ॲस्कस' आलंय. एचपीव्हीत 16 आणि 18 निगेटिव्ह, पण 'इतर हाय रिस्क प्रकार' पॉझिटिव्ह. त्रास काहीच नाही. पाळी वेळेवर, अंगावरून जाणं नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चिठ्ठीवर 'कॉल्पोस्कोपी' लिहिलं आणि मी पर्स उचलायच्या आत पुढच्या पेशंटला हाक गेली.

दुखतं का? भूल देतात का? वाशीच्या एक डॉक्टर सुचवल्यात, तर ट्रान्सहार्बर लोकलने एकटी जाऊन एकटी परत येता येईल का? दुसऱ्या दिवशी ऑफिस जमेल? आणि घरी सासूबाई आहेत. पिशवीच्या तोंडाची तपासणी म्हटलं की त्या थेट कॅन्सरवर पोचतील. खरं सांगायचं तर मीही पोचलेच आहे.

पामबीच_पल्लवी (नेरुळ)

मासुंदा, माझाही रिपोर्ट जवळपास असाच होता, म्हणून सविस्तर लिहिते.

एंडोस्कोपीसारखी नळी वगैरे आत घालत नाहीत. स्टँडवर बसवलेली एक दुर्बीण असते, प्रखर दिवा लावलेली. ती फूटभर लांब उभी असते, अंगाला शिवतही नाही. आत जातो तो फक्त स्पेक्युलम, म्हणजे आतली वाट उघडी धरणारं साधन, पॅपच्या वेळी घातला होता तोच. फरक एवढाच की पॅपला तो मिनिटभर असतो आणि इथे दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवतात. माझ्या मते खरा वैताग तो आहे, दुखणं नव्हे.

सैल लांब कुर्ता घालून जा. कमरेखालचे कपडे काढायला लावतात, कुर्ता असला की उघडं पडल्यासारखं वाटत नाही. टेबलावर पाय दोन बाजूंच्या आधारांवर ठेवायचे आणि 'अजून खाली सरका, अजून थोडं' असं म्हणत म्हणत कडेपर्यंत आणतात. आधी सलाईनने पुसतात. मग पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, 3 ते 5 टक्क्यांचं, म्हणजे व्हिनेगरच. गार लागतं, किंचित चुरचुरतं. मिनिटभर थांबायचं. पेशी बदललेल्या असतील ती जागा पांढरी पडते. मग हिरवा फिल्टर लावून बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी बघतात. शेवटी आयोडीन. निरोगी भाग त्याने गडद तपकिरी होतो, संशयाची जागा रंग धरत नाही, पिवळट राहते.

आमच्या डॉक्टरांनी विचारलं, बघायचंय का? आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. गुलाबी गोल, मधोमध बारीकसं तोंड आणि वरच्या अंगाला, घड्याळात बारा असतात तिथे, एक पांढुरका डाग. इतके दिवस ज्याच्या नावाने झोप उडाली होती ते हे एवढंसं! बघितल्यावर मला बरं वाटलं. सगळ्यांना वाटेलच असं नाही, नको असेल तर सरळ नको म्हण.

त्या डागातून बायोप्सी घेतली. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. डॉक्टर म्हणाल्या, 'आता जोरात खोका.' मी खोकले, टक्कन आवाज झाला, पोटात पाळीसारखी एक कळ आली आणि गेली. दुसऱ्या तुकड्याला जरा जास्त जाणवलं, कारण आता काय होणार ते माहीत होतं. भूल नव्हती. तासभर आधी नेहमीची पेनकिलर घ्यायला सांगितली होती, तेवढंच.

मासुंदा

पल्लवी, खूप आभार. बायोप्सी त्याच दिवशी करतात? मला वाटलं आधी फक्त बघणार, नंतर बोलावणार.

पामबीच_पल्लवी

बहुतेक ठिकाणी त्याच वेळी. म्हणूनच फोन करून अपॉइंटमेंट घेतानाच विचार: गरज पडली तर बायोप्सी लगेच करणार का, तिचे पैसे आणि लॅबचे पैसे वेगळे का, रिपोर्ट कोण समजावून सांगणार. मी हे विचारलं नव्हतं म्हणून काउंटरवर तीन पावत्या बघून चक्रावले. मेडिक्लेमचं म्हणशील तर ओपीडीतली तपासणी बऱ्याच पॉलिसींमध्ये बसत नाही, एजंटला आधी विचारून घे.

सिस्टर_कळवा

मी निवृत्त नर्स आहे, स्त्रीरोग ओपीडीत बरीच वर्षं काढली. पल्लवीने छान लिहिलंय, थोडी भर घालते.

तारीख पाळी संपल्यानंतरची घे. भरपूर रक्तस्राव चालू असेल तर नीट दिसत नाही, परत यावं लागतं. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत कुठली गोळी किंवा क्रीम नको, टॅम्पॉन नको. साधी आंघोळ करून ये. आतून धुवायच्या फंदात पडू नकोस, बायका स्वच्छता म्हणून ते करून येतात आणि तिथेच घोळ होतो.

आणि उपाशी येऊ नकोस! कुणी सांगितलेलं नसतं तरी बायका उपाशी येतात. संकष्टीच्या दिवशी चहावर आलेल्या बायका टेबलावरून उतरताना डोळे पांढरे करतात. गर्भाशयाच्या तोंडाला धक्का लागला की काहींचं बीपी पटकन खाली येतं, त्यात पोट रिकामं. व्यवस्थित खाऊन ये, झाल्यावर दहा मिनिटं पडून राहा, मग ऊठ.

डॉक्टरांना आधीच सांगायच्या गोष्टी: दिवस राहिल्याची शक्यता, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आयोडीनची ॲलर्जी. गरोदरपणातही कॉल्पोस्कोपी करता येते बरं का, फक्त बायोप्सी अगदी संशय दाट असेल तरच घेतात आणि आतून खरवडून घेत नाहीत.

एकटी येऊ शकतेस. पण कुणी सोबत असेल तर बरं, बाकी काही नाही तरी परतीच्या गाडीत बोलायला. पॅड घेऊन ये. आयोडीनचा तपकिरी रंग येतो, कपड्याला लागला तर लवकर निघत नाही.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तुमचे तुकडे शेवटी आमच्याकडे येतात. दोन गोष्टी.

पहिली, 'ॲस्कस' हा रोग नाही. स्मिअर बघणाऱ्याने म्हटलंय की काही पेशी नेहमीसारख्या नाहीत, पण त्यांना नाव देण्याइतका पुरावा नाही. एकट्या ॲस्कसला फार वजन नसतं. सोबत हाय रिस्क एचपीव्ही पॉझिटिव्ह असला की नीट बघून घ्या म्हणतात, तेवढ्यासाठी कॉल्पोस्कोपी. स्मिअर फक्त सांगतो की कुठेतरी काहीतरी आहे. कुठे आहे आणि तुकडा कुठून घ्यायचा हे दुर्बिणीतून कळतं. नाव ठरतं बायोप्सीत. पहिल्या पायरीवर उभं राहून तिसऱ्या पायरीचा निकाल गूगलवर शोधू नये.

दुसरी, तुमच्या कागदावर 'स्वीड स्कोअर' असं काही असेल तर घाबरू नका. पांढरेपणा, डागाच्या कडा, रक्तवाहिन्या, आकार आणि आयोडीन या पाच गोष्टींना प्रत्येकी 0, 1 किंवा 2 गुण देतात, एकूण 10. जास्त गुण म्हणजे जास्त संशय. ती डॉक्टरांची डोळ्यांनी केलेली नोंद आहे.

तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत जातो. निघण्याआधी बाटलीवरचं आपलं नाव आणि वय स्वतः वाचा. यात संकोच कसला?

वाटसरू_ठाणे

काहीही त्रास नसताना हे असलं छेडत बसायचं कशाला, हे मला कळत नाही. आमच्या आईने सगळं आयुष्य काढलं, एकदाही असली तपासणी नाही. हॉस्पिटलांना मशीन घेतली की ती चालवायची असते.

काचपट्टी

वाटसरू, मशीन चालवण्याचा मुद्दा अगदीच खोटा नाही, अनावश्यक तपासण्या होतात. पण हा आजार त्यातला नाही. भारतात 2022 च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे 1 लाख 27 हजार बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो आणि 80 हजारांच्या आसपास दगावतात. आणि हा असा कॅन्सर आहे की तो होण्याआधी बरीच वर्षं खुणा दाखवतो, त्याच काळात त्रास काही नसतो. त्रास सुरू झाला की पुष्कळदा उशीर झालेला असतो.

पुरावा बाहेरचा नको असेल तर आपल्याच राज्यातला घ्या. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमधून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या लोकांनी एक लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास केला, 2009 साली छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात पुढे गेलेले कॅन्सर आणि मृत्यू दोन्ही कमी. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये तर दुर्बीणही नव्हती. प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या बायका व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी बघायच्या, तेवढ्यावर या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. ते निष्कर्ष 2013 मध्ये जाहीर झाले. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी हीच व्हिनेगरची तपासणी आहे, दर 5 वर्षांनी.

वाटसरू_ठाणे

बार्शीचं माहीत नव्हतं. मामेबहीण तिकडचीच आहे. असो.

खारघरवाली

वेगळा अनुभव सांगते, नाव न घेता. माझ्या पॅपमध्ये 'एलएसआयएल' आलं, म्हणजे पेशींत सौम्य बदल. एका ठिकाणी दाखवलं तर कॉल्पोस्कोपीचं नावही नाही, थेट म्हणाले, 'दोन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका, कटकट नको.' आठवड्यानंतरची ऑपरेशनची तारीखसुद्धा लिहून दिली. नवरा म्हणाला, डॉक्टर सांगतायत तर करून टाक. मी 38 ची आहे.

बहिणीने ओढून दुसरीकडे नेलं. कॉल्पोस्कोपी, बायोप्सी, निदान 'सीआयएन 1', म्हणजे सगळ्यात सौम्य पायरीचा बदल, कॅन्सर नव्हे. त्यांनी काहीच केलं नाही! वर्षाने परत या म्हणाले. वर्षाने गेले तर एचपीव्ही निगेटिव्ह. पिशवी जागेवर आहे.

काचपट्टी

खारघरवाली, हे ठळक अक्षरात लिहायला हवं होतं तुम्ही. सीआयएन 1 बहुतेक वेळा आपलं आपण जातं, शरीर विषाणूला हुसकावतं, त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात. सीआयएन 2 आणि 3 ला सहसा उपचार लागतात, पण तेही तेवढ्या भागापुरते. गोठवून किंवा उष्णता देऊन तो भाग नष्ट करतात, नाहीतर 'लीप' म्हणजे विजेच्या बारीक तारेने तेवढा पापुद्रा काढतात, जागा बधिर करून. अजून मूल हवं असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, किती खोल कापायचं हे त्यावर ठरतं.

नुसत्या पॅपच्या रिपोर्टवर कुणी पिशवी काढायला सांगत असेल तर तिथून उठा. बीडच्या ऊसतोडणीवर जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, ते आठवत असेल.

आणि एक कामाचं: दुसरं मत घ्यायचं तर नुसता रिपोर्ट नको, लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या. तुमच्याच तुकड्याचे ते आहेत, मागितले की मिळतात. खारघरला ॲक्ट्रेकला (टाटाचंच कॅन्सर केंद्र) किंवा परळला टाटाला गेलात तर आधी तेच विचारतील.

नवी_पहाट

+1. वाचतेय.

घणसोलीकर

पुरुष सदस्य आहे, चालेल ना? बायकोचा एचपीव्ही पॉझिटिव्ह आलाय, पुढच्या आठवड्यात कॉल्पोस्कोपी आहे. तिने नेटवर वाचलं की हा संबंधांतून पसरतो. त्या दिवसापासून घरात विचित्र शांतता आहे. ती मला विचारत नाही, मी तिला विचारत नाही. लग्नाला 14 वर्षं झाली. माझी काही तपासणी असते का?

सिस्टर_कळवा

चालेल हो, न चालायला काय झालं. उलट जास्त जणांनी यावं.

नीट ऐका. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. आज पॉझिटिव्ह आला म्हणजे काल लागला असं नाही, लग्नाआधीचाही असू शकतो, तिच्याकडचा असेल किंवा तुमच्याकडचा. कुणाकडून आला हे कुठल्याही तपासणीत कळत नाही. संबंध आलेल्या बहुतेक माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतोच आणि बहुतेकांचा जातो. पुरुषांसाठी नेहमीची अशी तपासणी नाही. ओपीडीत मी यावरून नवरा-बायकोंची कडाक्याची भांडणं बघितली आहेत, रिपोर्ट हातात आणि माहेरची बॅग भरलेली. त्या कागदावर चारित्र्य लिहिलेलं नसतं.

तुम्ही एवढंच करा, त्या दिवशी रजा काढून बरोबर जा. बाहेर बसा, मोबाइलमध्ये डोकं घालून नको. बायोप्सी झाली तर आठवडाभर संबंध नको, ते तिला तुम्हाला सांगावं लागू नये. सिगरेट ओढत असाल तर घरात ओढू नका, धुराने विषाणू जायला वेळ लागतो.

घणसोलीकर

ओढतो. बरं.

ऐरोलीची_काकू

माझी 61 वर्षांची जाऊ आहे. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. तिची कॉल्पोस्कोपी झाली तर लिहून आलं की 'नीट दिसलं नाही'. म्हणजे मशीन खराब होती की डॉक्टर नवीन?

काचपट्टी

दोन्ही नाही, काकू. दोन प्रकारच्या पेशी जिथे एकमेकींना भेटतात तिथेच हे बदल होतात. पाळी गेल्यावर ती सीमा वर सरकते, आतल्या नळीत जाते, बाहेरून दिसत नाही. शिवाय आतली त्वचा पातळ आणि कोरडी झालेली असते. अशा वेळी काही डॉक्टर काही आठवडे आतून लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देऊन परत बघतात, किंवा नळीतून थोडं खरवडून तपासायला पाठवतात. 'नीट दिसलं नाही' याचा अर्थ 'सगळं ठीक आहे' असा घेऊ नका. जाऊबाईंना पुढच्या तारखेला नक्की न्या.

आणि पाळी गेल्यानंतर अंगावर लाल गेलं, एकदाच आणि थेंबभर का असेना, तर कॉल्पोस्कोपीच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं.

मासुंदा

सगळ्यांचे आभार. वाशीची अपॉइंटमेंट घेतली, शनिवारची. फोनवरच्या मुलीला सगळे प्रश्न विचारले, ती म्हणाली मॅडम तुम्ही डॉक्टर आहात का! सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मी येते बरोबर, नाहीतरी वाशीला भाजी स्वस्त मिळते.'

नंतर किती दिवस जपायचं असतं?

सिस्टर_कळवा

नुसतं बघितलं असेल तर काहीच नाही, त्याच दिवशी घरकाम कर, ऑफिसला जा. बायोप्सी झाली तर दोन-तीन दिवस थोडं लाल, मग तपकिरी जाईल. रक्त थांबवायला तिथे मॉन्सेलचं औषध लावतात, लोहाचं असतं, त्याने काळपट घाण गेल्यासारखी दिसते. पॅड बघून बायका किंचाळत फोन करतात. ते औषधच बाहेर पडत असतं.

फोन करायचा तो कधी? तासातासाला पॅड भिजत असेल, ताप आला, घाण वास मारत असेल किंवा ओटीपोटात दुखणं वाढतच गेलं तर. आठवडाभर टॅम्पॉन नको, पोहायला नको, जड बादल्या उचलायच्या नाहीत. भाजीच्या पिशव्या सासूबाईंकडे दे.

खारघरवाली

लोकलने येणार असशील तर परतताना ठाण्याच्या गाडीत बसायला मिळेल अशी वेळ बघ. मी उभी राहून आले, पोटात पिळवटत होतं, दारात लटकणाऱ्या बायकांच्या गर्दीत कुणाला काय सांगणार.

घणसोलीकर

अजून एक विचारतो. मुलगी 11 वर्षांची आहे. एचपीव्हीची लस द्यायची का? आणि बायकोला आता देऊन उपयोग?

काचपट्टी

मुलीला जरूर द्या, हेच योग्य वय. 9 ते 14 मध्ये दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधराव्या वर्षानंतर सुरू केली तर तीन. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक 2023 पासून मिळते, बाहेरच्या कंपन्यांच्याही आहेत, बालरोगतज्ज्ञांना विचारा. बायकोच्या अंगात आत्ता जो विषाणू आहे तो लसीने जात नाही, तिची कॉल्पोस्कोपी होऊ द्या आणि मग तिच्या डॉक्टरांशी बोला. लस घेतलेल्या मुलींनाही मोठेपणी तपासणी लागतेच, हे घरात आत्ताच सांगून ठेवा.

घणसोलीकर

ठीक. बायकोला हा धागा वाचायला दिला आहे. ती विचारतेय की पल्लवीताईंच्या डॉक्टर बाई होत्या की पुरुष, आणि बाईच हवी असं सांगता येतं का.

पामबीच_पल्लवी

बाई होत्या. हो, अपॉइंटमेंट घेताना सांगायचं. आणि पुरुष डॉक्टर असले तरी खोलीत नर्स किंवा आया असलीच पाहिजे, नसेल तर मागा. मधेच सहन होत नसेल तर 'थांबा' म्हणायचं, थांबतात. तिला मला व्यनित (खाजगी निरोपात) लिहायला सांगा, वाशी-नेरुळकडच्या जागा कळवते. इथे उघड नावं नकोत.